सॅन डिएगो: डिसेंबरअखेर व्हेल आणि ला होयाच्या गुहा, सोबत आईबाबा. जमेल का?

खडीसाखर
नमस्कार मंडळी,
आईबाबा सध्या आमच्याकडे फिनिक्सला आले आहेत. नाताळच्या सुट्टीत त्यांना घेऊन सॅन डिएगोला जायचं घाटतंय. आठ वर्षांच्या लेकीला शाळेत ग्रे व्हेल शिकवल्यापासून घरात दुसरा विषय नाही. बाबा गुहागर तालुक्यातले, त्यांना समुद्राचं फारसं कौतुक नाही. पण तिथे समुद्रात गुहा आहेत म्हटल्यावर एकदम खुलले. आईला गाडी लागते, त्यामुळे बोटीचं नाव काढल्यापासून ती आलेपाकाच्या शोधात आहे.

प्रश्न असे: डिसेंबरच्या शेवटी व्हेल दिसतात का? बोट घ्यावी की किनाऱ्यावरून भागेल? ला होयाच्या गुहेत गुडघेदुखीवाले जाऊ शकतात का? आणि नवऱ्याचं म्हणणं, "सकाळी व्हेल, दुपारी गुहा, एका दिवसात उरकू." त्याला कोणीतरी समजावा.

पॅसिफिकचा_पाव्हणा
नवऱ्याला नमस्कार सांगा आणि हा प्रतिसाद वाचायला द्या.

मी सॅन डिएगोतच राहतो. ग्रे व्हेल उन्हाळा अलास्कापलीकडे बेरिंग आणि चुकची समुद्रात काढतात आणि हिवाळ्यात मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या खाजणांमध्ये पिल्लं द्यायला येतात. जाऊन-येऊन सोळा ते वीस हजार किलोमीटरचा पल्ला. आमच्या दारावरून जायला त्या डिसेंबरच्या मध्यापासून सुरुवात करतात, जानेवारीच्या मध्याला सगळ्यात जास्त गर्दी, परतीची वाहतूक एप्रिलपर्यंत. म्हणजे तुमचे दिवस हंगामाच्या सुरुवातीचे. दिसतील, पण लेकीला आधीच सांगून ठेवा की हे प्राणिसंग्रहालय नाही.

आता 'उरकू'बद्दल. बोटीला फक्त लाटा बेताच्या हव्यात. गुहेला लाटाही हव्यात कमी आणि ओहोटीही हवी. हे दोन्ही तुमच्या सुट्टीच्या तक्त्यात बसेलच असं नाही. दोन वेगळे दिवस हाताशी ठेवा आणि कोणत्या दिवशी काय, ते आदल्या रात्री लाटांचा अंदाज बघून ठरवा.

दर्या_नको
बोटीबद्दल माझा अनुभव लिहितो, ज्यांना गाडी लागते त्यांनी जेवण झाल्यावर वाचू नये.

जानेवारीत गेलो होतो. बंदरातून बाहेर पडेपर्यंत मी डेकवर उभा राहून फोटो काढत होतो, बायकोला "काही होत नाही गं" सांगत होतो. पहिली लाट बोटीच्या बाजूने आली आणि त्यानंतर मी समुद्राकडे पाहिलं ते फक्त कठड्यावरून खाली. लोक "तिकडे! तिकडे!" ओरडत होते, मी इकडे. बायकोने दोन व्हेल पाहिल्या, शेपट्या पाहिल्या. मी कागदी पिशवीचा तळ पाहिला.

ठोंब्या
अरेरे. व्हेलची उलटी करोडोंना जाते म्हणे, तुमची फुकट गेली. दिवा घ्या.

शेवग्याची_शेंग
ठोंब्या, विनोद ठीक आहे, पण त्यावरून एक सांगते. ज्याला बातम्यांत 'व्हेलची उलटी' म्हणतात ते अंबरग्रीस स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं, ग्रे व्हेलचा त्याच्याशी संबंध नाही. भारतात ते बाळगणं, विकणं गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. अमेरिकेतही चालत नाही. किनाऱ्यावर काही मेणचट दिसलं तर पिशवीत भरून भारतात नेऊ नका, कोणाच्या तरी काकांनी 'खूप पैसे मिळतात' सांगितलं असलं तरी.

मळमळीबद्दल: गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्यायची असते, लागायला लागल्यावर नाही. आईंच्या बाकीच्या औषधांबरोबर चालेल का ते डॉक्टरांना विचारा. या गोळ्यांनी वयस्कर माणसांना फार झोप येते आणि तोल जातो. बोटीत मागच्या बाजूला, मध्यभागी, खालच्या डेकवर बसायचं आणि नजर क्षितिजावर. फोनमध्ये नाही.

निवांत_नलू
थेपले न्यावेत का?

दर्या_नको
नेणं तुमच्या हातात आहे. ठेवणं समुद्राच्या.

हेदवीकर
खडीसाखर, बाबा गुहागर तालुक्यातले म्हणजे बामणघळ त्यांनी पाहिलेली असणारच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात एक लांब चिंचोळी भेग आहे. भरतीला लाट तोंडातून आत घुसते, घळ आत अरुंद होत जाते, पाण्याला पळायला जागा उरत नाही, मग ते शेवटी वर उसळतं. आधी कातळाखालून दबका धडाका ऐकू येतो, मग एक क्षण काही नाही, आणि मग पाणी. कोरड्या दगडावर निर्धास्त उभी असलेली मंडळी तिथेच भिजतात. दगड शेवाळलेला असतो. कोणी ब्राह्मण त्यात पडला म्हणून हे नाव, अशी कथा गावात सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण कडेला जाऊन सेल्फी काढणाऱ्यांना मी ती हमखास ऐकवतो.

गुहेसाठी ओहोटीची वेळ काढायला अॅप कशाला? तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. बाबांना विचारा, तोंडपाठ असेल.

पॅसिफिकचा_पाव्हणा
हेदवीकर, हा हिशेब कोकणात चोख बसतो, पण इथे त्याच्या भरवशावर कोणी गुहेत शिरू नका! सॅन डिएगोत हिवाळ्यात अवस-पुनवेच्या आसपास मोठी भरती सकाळी आठच्या सुमारास येते आणि मोठी ओहोटी दुपारी तीनच्या सुमारास. शिवाय दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक खोल, दुसरी नावापुरती. हिवाळ्यात खोल ओहोटी दुपारी उजेडात येते, उन्हाळ्यात पहाटे. त्यामुळे खडकांमधली डबकी, त्यातली समुद्रफुलं आणि खेकडे बघायला डिसेंबर-जानेवारी उत्तम. पाणी कोकणाएवढं चढत-उतरत नाही, उधाणालासुद्धा अडीच मीटरच्या आसपास. मुंबईत त्याच्या जवळपास दुप्पट.

हेदवीकर
चंद्र एकच ना तुमचा-आमचा? मग हिशेब का बदलावा?

आकडेमोडे
चंद्र एकच, पण पाणी ज्या भांड्यात हलतं ते वेगळं. समुद्राची खोली, तळाचा उतार, किनाऱ्याचा आकार यावर चंद्र डोक्यावर आल्यापासून भरती किती उशिरा येणार ते ठरतं. पाऊणपटीचं सूत्र आपल्या किनाऱ्यावरच्या उशिराचं आहे, अरबी समुद्राच्या या बाजूपुरतं.

हेदवीकर
बरं. पंचांग घरी ठेवायला सांगा बाबांना.

नानांची_टांग
मला कळत नाही, कोकणात समुद्र आहे, देवमासे आहेत, घळी आहेत. हे सगळं बघायला अमेरिकेत कशाला जायचं? २०१५ मध्ये सिंधुदुर्गासमोर चक्क निळे देवमासे दिसल्याची संशोधकांची नोंद आहे.

आकडेमोडे
नाना, त्या फिनिक्सलाच राहतात, अमेरिकेत 'जात' नाहीयेत.
पण मुद्दा चांगला काढलात. कोकणासमोर देवमासे आहेत, ब्रायडीज व्हेलही आहेत. अडचण अंतराची. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ दोन-तीनशे किलोमीटर पसरलेला आहे, खोल पाणी त्याच्यापुढे. दक्षिणेकडे ही पट्टी अरुंद होते, म्हणून सिंधुदुर्गाकडे शक्यता जास्त. सॅन डिएगोत उलट. ला होयाच्या किनाऱ्यालगतच पाण्याखाली खोल दरी सुरू होते. श्रीलंकेत मिरिसाला निळे देवमासे एवढ्या जवळ दिसतात त्याचंही कारण हेच, डोंड्रा टोकाजवळ खोल पाणी किनाऱ्याला येऊन भिडलंय. नानांना भारताच्या जवळपास हौस भागवायची असेल तर डिसेंबर ते एप्रिल मिरिसा.

शेवग्याची_शेंग
आपल्याकडे देवमासा बघायला मिळतो तो बहुतेक वेळा वाळूत. जुहूला २०१६ मध्ये आलेला मेलेला व्हेल आठवतो का? आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू अडकलं होतं. गावकरी, वनखातं, डॉक्टर सगळे त्याच्यावर ओल्या चादरी टाकत होते, सलाइन लावलं, शेवटी खेचत नेऊन खोल पाण्यात सोडलं. वाचलं नाही. माझी मावशी तेव्हा तिथे होती. ती सांगते, गर्दीतली माणसं अंगावर हात ठेवून "जा रे बाबा जा" म्हणत होती.

कोपऱ्यातली_खुर्ची
मी इथे वेगळा सूर लावणार. बोट घेऊच नका.

एक व्हेल दिसली की वायरलेसवरून सगळ्या बोटींना खबर जाते आणि पाच-सहा बोटी तिच्याभोवती गोळा होतात. शंभर यार्डांचं अंतर ठेवायचं असतं. मोठ्या कंपन्या बहुतेक पाळतात, खासगी स्पीडबोटवाले नाही. ही जनावरं वाटेत जवळजवळ काही खात नाहीत, उत्तरेत कमावलेल्या चरबीवर सगळा प्रवास करतात. त्यांना वळसे घालायला लावणं मला पटत नाही. १९९४ मध्ये ग्रे व्हेल धोक्याच्या यादीतून बाहेर आल्या म्हणून सगळे खूश होते. २०१६ च्या सुमारास त्या २७ हजारांच्या आसपास होत्या. २०२३ पर्यंत साडेचौदा हजारांवर आल्या. आर्क्टिकच्या तळाशी त्यांचं खाणं कमी झाल्याचं संशोधक सांगतात.

किनाऱ्यावरून छान दिसतात. पॉइंट लोमाच्या टोकावर कॅब्रियो नॅशनल मॉन्युमेंट आहे, १८५५ मध्ये पेटलेलं जुनं दीपगृह आहे, व्हेल बघायला खास जागा आहे, बसायला बाकं आहेत, स्वच्छतागृह आहे. ज्येष्ठांना आणखी काय हवं? लॉस एंजेलिसच्या बाजूला पालोस व्हर्डीसला पॉइंट विसेंटेवर तर स्वयंसेवक १ डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत दिवसभर दुर्बिणी लावून येता-जाता प्रत्येक व्हेल मोजतात. त्यांच्याशेजारी उभं राहिलं की फुकटात शिकवणी.

पॅसिफिकचा_पाव्हणा
खुर्ची, कॅब्रियोबद्दल पूर्ण अनुमोदन. बोटीबद्दल नाही. नियम पाळणारी बोट निवडा, सोबत निसर्ग-अभ्यासक असेल अशी. आठ वर्षांच्या मुलीला दीड-दोन किलोमीटरवरचा फवारा दाखवून "बघ व्हेल" म्हटलं तर ती तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल ती मला माहीत आहे.

किनाऱ्यावरून बघायची युक्ती: सकाळचं पाणी शांत असतं, फवारा उठून दिसतो. ग्रे व्हेलचा फवारा तीन-चार मीटर उंच जातो आणि समोरून किंवा मागून पाहिला तर बदामासारखा दोन फाटे झालेला दिसतो. तीन ते पाच वेळा थोड्या थोड्या वेळाने श्वास, मग शेपूट वर, मग तीन ते पाच मिनिटं गायब. त्या बुडाल्या की दुर्बीण दक्षिणेकडे थोडी सरकवून ठेवायची, तिथेच वर येतात. पाठीवर पर नसतो, नुसते उंचवटे.

चिंचपोकळी_टू_चुलाविस्टा
तुम्ही ज्येष्ठ ज्येष्ठ म्हणून त्यांना आधीच म्हातारं का करताय? माझे सासरे ७८ व्या वर्षी कयाकमध्ये बसून ला होयाच्या गुहेत जाऊन आले. मार्गदर्शक होता, हेल्मेट होतं. आल्यावर म्हणाले, "लोकलपेक्षा कमी हादरे बसले."

शेवग्याची_शेंग
सासऱ्यांना साष्टांग. पण ते उन्हाळ्यात असेल. डिसेंबरात पाणी गार आणि लाटा मोठ्या. लाट जास्त असली तर मार्गदर्शक स्वतःच गुहेत नेत नाहीत.

पॅसिफिकचा_पाव्हणा
गुहांचं नीट लिहितो, कारण मूळ प्रश्न तोच होता आणि आपण गणपतीपुळ्याला पोचलो.

ला होयाला कड्यात सात गुहा आहेत. सहा समुद्राच्या बाजूनेच, म्हणजे कयाक किंवा पोहत. सातवी, सनी जिम केव्ह, एकमेव जिच्यात जमिनीवरून उतरता येतं. वर एक दुकान आहे, त्याच्या आतून १९०२ मध्ये खोदायला घेतलेला बोगदा आहे, १४५ पायऱ्या. तिकीट काढायचं आणि उतरायचं. बोगदा अरुंद, छत बुटकं, उंच माणसाने डोकं सांभाळायचं, पायऱ्या ओलसर. खाली फळ्यांचा ओटा आहे, त्यावर उभं राहिलं की समोर गुहेचं तोंड. त्या उजळ फटीची कड एका माणसाच्या चेहऱ्याच्या बाजूसारखी दिसते, नाक-हनुवटीसकट. नाश्त्याला दुधात घालून खायच्या एका जुन्या सीरियलच्या जाहिरातीतल्या पात्रावरून तिला नाव पडलंय. पाणी आत-बाहेर करताना खालचे दगड हिरवे-जांभळे दिसतात आणि बाहेरून सी-लायनचं भुंकणं घुमत येतं. वासही येतो, नाकाला रुमाल ठेवा.

बाबांच्या गुडघ्याचा प्रश्न उतरण्याचा कमी, १४५ परत चढण्याचा जास्त. कठडा आहे, थांबत चढता येतं. नाही जमलं तर तिथूनच कड्यावरून पायवाट जाते, वरून गुहांची तोंडं आणि समुद्र दोन्ही दिसतं.

हेदवीकरांसाठी खास: तुमचा कातळ सह्याद्रीच्या लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांच्या घरातला. इथला वालुकाश्म साडेसात कोटींचा. वयाने मोठा पण मऊ. म्हणूनच लाटा तो पोखरतात आणि म्हणूनच कडे कोसळतात. एन्सिनिटासला ऑगस्ट २०१९ मध्ये कड्याखाली बसलेल्या एकाच कुटुंबातल्या तिघीजणी गेल्या. या किनाऱ्यावर सावलीसाठी कड्याला टेकून बसायचं नाही. मुलांना खेळायलाही पाठवायचं नाही.

हेदवीकर
हे महत्त्वाचं सांगितलंत. आमच्याकडे कातळ पडत नाही, माणसं पडतात.

भटकी_भवानी
गुहाच बघायच्या तर सांताक्रूझ बेटावरची पेंटेड केव्ह बघा! जगातल्या सगळ्यात मोठ्या समुद्री गुहांपैकी एक, जवळजवळ पाव मैल लांब, तोंडाशी छत १६० फूट उंच. शेवाळं आणि दगडफुलांमुळे भिंती रंगीत. बोट सरळ आत जाते, चालायला नको, चढायला नको. व्हेंचुराहून बोटी सुटतात आणि वाटेत व्हेलही दिसतात. नवऱ्याचं 'एका दिवसात दोन्ही' तिथे खरं होईल.

चिंचपोकळी_टू_चुलाविस्टा
भवानी, सॅन डिएगोहून व्हेंचुरा नकाशावर जवळ आहे. मध्ये लॉस एंजेलिस नावाची एक गोष्ट आहे. सुट्टीत पाच तास धरून चाला.

भटकी_भवानी
हो, आणि समुद्र शांत असेल तरच बोट गुहेत जाते, हे आधी लिहायला हवं होतं. हिवाळ्यात भरवसा नाही. पण उन्हाळ्यात लक्षात ठेवा.

आणि ज्यांची हौस दांडगी असेल त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहातल्या सान इग्नासिओच्या खाजणात जा. अमेरिकेचा चालू व्हिसा असला तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. तिथे १९७२ मध्ये पाचिको मायोराल नावाच्या कोळ्याच्या होडीला एक ग्रे व्हेल येऊन चिकटली. तो आधी घाबरला, कारण देवमासे मारणाऱ्यांच्या काळापासून ही जात होड्या फोडणारी म्हणून बदनाम होती. शेवटी त्याने हात लावला, आणि ती तिथेच थांबली. आता आया पिल्लांना होडीजवळ घेऊन येतात. कोपऱ्यातली खुर्ची, तिथे होड्यांच्या संख्येवर मर्यादा आहे, आणि व्हेल आपणहून आली तरच भेट.

कोपऱ्यातली_खुर्ची
हे मला चालेल.

निवांत_नलू
थेपल्यांचं काय ठरलं?

खडीसाखर
मंडळी, जाऊन आलो. उशिरा लिहितेय, पण लिहितेय.

खुर्ची आणि पाव्हणा दोघांचंही ऐकलं. नवरा आणि लेक बोटीवर, आई, बाबा आणि मी कॅब्रियोला. नवऱ्याने थेपले नेले आणि ते राहिले (नलूताई, नोंद घ्यावी). त्यांना डॉल्फिनांचा प्रचंड थवा मिळाला, आणि एक व्हेल इतक्या जवळून गेली की फवाऱ्याचा वास आला. लेकीच्या शब्दांत, "आजीच्या सुकटीचा डबा उघडल्यावर येतो तो."

इकडे कॅब्रियोवर आईने दुर्बीण हातात घेतली ती सोडलीच नाही. बाबांना दुर्बिणीतून काही सापडेना, म्हणून त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. पहिली व्हेल बुडाल्यावर वेळ लावली. चार मिनिटांनी वर आली. पुढच्या वेळी त्यांनी घड्याळाकडे बघत नुसता हात वर केला, बोट दक्षिणेकडे धरलं, आणि तिथेच फवारा. शेजारचं अमेरिकन जोडपं त्यानंतर समुद्राऐवजी बाबांकडेच बघत होतं. बाबा मराठीत "थांबा, आत्ता नाही" म्हणायचे आणि ते थांबायचे.

दुसऱ्या दिवशी सनी जिम. बाबा उतरले, मध्ये दोनदा थांबून चढलेही. आई वरच्या पायवाटेवर सी-लायन बघत बसली, नाकाला पदर लावून. गुहेबद्दल बाबांचं मत: चांगली आहे, पण हिला आवाज नाही.

हेदवीकर
बाबांना एक कडक चहा माझ्याकडून. उधाणाला या म्हणावं.

दर्या_नको
नवऱ्याला काहीच झालं नाही? एकदाही नाही?

खडीसाखर
गोळी घेऊन तासभर झोपला होता. थेपले राहिले ते त्यामुळेच. बोटीवरचा फोटो टाकतेय, लेकीने काढलाय. ग्रे व्हेलच ना ही?

पॅसिफिकचा_पाव्हणा
फोटोत पाठीच्या मागच्या भागात पर दिसतोय, मागे कललेला. ग्रे व्हेलला पर नसतो. ही ग्रे नाही.

भटकी_भवानी
हंपबॅक?

पॅसिफिकचा_पाव्हणा
हंपबॅकचा पर बुटका, खाली कुबड. ही लांब आणि सपाट आहे. मला फिन व्हेल वाटतेय, निळ्या देवमाशाच्या खालोखाल मोठी, आणि ती इथे वर्षभर असते. खात्री करायची सोपी खूण: हिचा खालचा जबडा उजवीकडे पांढरा असतो, डावीकडे काळा. दुसरा फोटो आहे का, तोंडाचा?

खडीसाखर
आहे. डाव्या बाजूचा.